नेपच्यूनच्या पुढचे पान

पहिलीत जाण्याआधीच आपल्याकडची बरीच मुले आठ ग्रहांची नावे घडाघडा म्हणतात. पाहुणे आले की म्हणून दाखवतात, शाबासकी घेतात, आणि यादी नेपच्यूनपाशी संपते. भिंतीवरचा तक्ताही तिथेच संपतो. एखादे मूल 'मग पुढे काय?' असे विचारते तेव्हा बहुधा उत्तर मिळते, 'पुढे काही नाही, नुसते तारे.'  हे उत्तर चूक आहे, आणि या पुस्तकाची सुरुवात तिथूनच होते.

नेपच्यूनच्या फार फार पुढे तारे आहेत हे खरेच. पण त्या ताऱ्यांनाही आपापले ग्रह आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाच्या नोंदवहीतल्या अशा खात्रीशीर ग्रहांची संख्या ६,००० झाली. शिवाय तपासणीच्या रांगेत उभे असलेले हजारो आहेत ते वेगळेच. आठ नावे पाठ करता येतात, सहा हजार येत नाहीत. मला हे फार बरे वाटते. पाठांतराची वाट बंद झाली की मुलांशी बोलण्यासारखे दुसरे काहीतरी शोधावे लागते.

पुस्तक पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. ही प्रस्तावना मात्र त्यांच्यासाठी नाही, कारण प्रस्तावना वाचणारे त्या वयाचे मूल अजून माझ्या पाहण्यात नाही. रात्री शेजारी बसून जे कोणी हे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतील, त्या आई, बाबा, आजी, आजोबा किंवा बालवाडीच्या ताईंसाठी ती आहे. त्यांचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे: एवढ्या लहान पोरांना हे झेपणार आहे का?

झेपते, आणि बऱ्याचदा आपल्यापेक्षा सहज झेपते. आपण मोठ्यांनी सूर्यमाला हा एक ठरलेला नमुना म्हणून शिकलेली असते: आत लहान खडकाळ ग्रह, बाहेर वायूचे मोठे गोळे, आणि मधोमध एकच सूर्य. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यात हा नमुना अजून घट्ट बसलेला नसतो. दोन सूर्य असलेला ग्रह आहे असे त्याला सांगितले तर 'असे कसे शक्य आहे?' असे ते म्हणत नाही. 'मग तिथे सावल्या पण दोन पडतात का?' असे विचारते. प्रश्न उत्तम आहे आणि उत्तर 'हो' असेच आहे. २०११ मध्ये सापडलेला केप्लर-१६ बी हा ग्रह खरोखरच दोन ताऱ्यांभोवती मिळून फिरतो. तिथे पाय ठेवायला जमीन असती तर सावल्या दोन पडल्या असत्या. पण जमीन नाही. हा 'पण' मुलांना सांगायला विसरू नका. तो ऐकायलाही त्यांना आवडते.

नमुना मोडण्याची ही गोष्ट खगोलशास्त्रज्ञांनाही जड गेली होती. १९९२ मध्ये एका मृत ताऱ्याभोवती ग्रह सापडले होते. पण सूर्यासारख्या ताऱ्याचा पहिला ग्रह जाहीर झाला तो १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये. मिशेल मेयर आणि त्यांचे विद्यार्थी दिदिए केलोझ हे दोघे जिनिव्हाचे; त्यांनी दक्षिण फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून महाश्व तारकासमूहातल्या ५१ पेगासी या ताऱ्यावर नजर ठेवली होती. तिथे जो ग्रह मिळाला त्याचे वजन गुरूच्या साधारण निम्मे, आणि ताऱ्याभोवतीची त्याची फेरी मात्र सव्वाचार दिवसांत पुरी! आपल्या गुरूला त्यासाठी जवळजवळ बारा वर्षे लागतात. एवढा मोठा ग्रह ताऱ्याला इतका खेटून असेल ही अपेक्षाच कोणी केली नव्हती, त्यामुळे आधी शंका आली. थोड्याच दिवसांत अमेरिकेतल्या दुसऱ्या गटाने तोच तारा तपासला आणि तेच उत्तर काढले. २०१९ मध्ये मेयर आणि केलोझ या दोघांना नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

मुलांना नोबेलचे सोयरसुतक नसते. सव्वाचार दिवसांचे वर्ष म्हणजे दर सव्वाचार दिवसांनी वाढदिवस, एवढेच त्यांना पुरते. पृथ्वीवर पाच वर्षांच्या असलेल्या मुलाचे तिथे चारशे तीसहून जास्त वाढदिवस झालेले असतील. ५५ कँक्री ई या ग्रहाचे वर्ष तर अठरा तासांपेक्षाही लहान आहे. सकाळी केक कापला तर मध्यरात्रीनंतर लगेच पुढच्याची तयारी. हे हिशेब मुले स्वतः करू लागतात, आणि वर्ष म्हणजे ताऱ्याभोवतीची एक फेरी ही गोष्ट व्याख्या न सांगता त्यांना कळते. शाळेत ती व्याख्या पुढे यायचीच आहे.

आता या पुस्तकाचा खरा गाभा. हे ग्रह जवळजवळ कोणीच पाहिलेले नाहीत.

तारा झगमगीत आणि ग्रह त्याच्या शेजारी अगदी मंद, त्यामुळे तो दिसत नाही. मग तो आहे हे कळते कसे? एक रीत अशी की ताऱ्याची हालचाल मोजायची. मोठी बाई आणि लहान मुलगी फुगडी घालतात तेव्हा मुलगी मोठ्या घेराने गरगर फिरते, पण बाईही एका जागी स्थिर राहत नाही. मागे रेलून तीही एक लहानसे वर्तुळ काढत असते. मुलगी अंधारात असली आणि फक्त बाईच दिसत असली, तरी तिच्या झुकण्यावरून समोर कोणीतरी आहे, केवढे आहे आणि किती वेगाने फिरते आहे हे सांगता येईल. मेयर आणि केलोझ यांनी हेच केले. तारा आपल्याकडे सरकतो तेव्हा त्याचा प्रकाश किंचित निळ्याकडे झुकतो आणि दूर जातो तेव्हा तांबड्याकडे. ५१ पेगासीच्या बाबतीत हा पुढेमागे होण्याचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर निघाला. आपली पृथ्वी सूर्याला जो हेलकावा देते तो सेकंदाला जेमतेम ९ सेंटिमीटरचा, म्हणून पृथ्वीएवढे ग्रह या रीतीने शोधणे अजूनही कठीण आहे. पुस्तकात फुगडीचे पान आहे. ते वाचून झाल्यावर पुस्तक मिटून प्रत्यक्ष फुगडी घालावी, अशी माझी शिफारस आहे. फक्त मुलगा असेल तर त्याला वगळू नका.

दुसरी रीत आणखी सोपी. ग्रह आपल्या आणि ताऱ्याच्या मधून गेला तर ताऱ्याचा उजेड थोडा कमी होतो. गुरू सूर्यासमोरून गेला तर दूरच्या कोणाला सूर्य एक टक्का मंद दिसेल. पृथ्वी गेली तर दहा हजारांत एका भागाहूनही कमी. मार्च २००९ मध्ये सोडलेली केप्लर दुर्बीण हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांकडच्या आकाशाच्या एकाच तुकड्याकडे वर्षानुवर्षे टक लावून बसली होती. सुमारे दीड लाख ताऱ्यांचा उजेड ती पुन्हा पुन्हा मोजत राहिली. त्यातून २,६०० हून जास्त ग्रह मिळाले. घरी करायचा प्रयोग पुस्तकात दिला आहे: अंधाऱ्या खोलीत फूटभर रुंदीचा कागदी कंदील, समोरून एकदा लिंबू न्यायचे आणि एकदा मोहरीचा दाणा. लिंबू म्हणजे गुरू, मोहरी म्हणजे पृथ्वी, मापे साधारण बरोबर आहेत. मोहरीने काहीच फरक पडत नाही, अशी तक्रार मूल करील. ती तक्रार येण्यासाठीच प्रयोग आहे. मग म्हणावे, की ही मोहरी ओळखू शकेल असे यंत्र माणसांनी बनवले आणि आकाशात पाठवले.

चित्रांविषयी मला थोडे कडक बोलायचे आहे. दुसऱ्या ताऱ्यांच्या ग्रहांची जी देखणी रंगीत चित्रे आपण पाहतो, निळे समुद्र, नारिंगी ढग, क्षितिजावर तांबडा सूर्य, ती जवळजवळ सगळी चित्रकारांनी काढलेली असतात. मुलांच्या अनेक पुस्तकांत हे सांगितलेले नसते. चित्राखाली ग्रहाचे नाव तेवढे असते, आणि मुलाला वाटते की कोणी तरी तिथे जाऊन फोटो काढून आणला. या पुस्तकात प्रत्येक रंगीत चित्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीची खूण आहे. तिचा अर्थ, हे माणसाने कल्पनेने काढले. एका पानावर मात्र खरा फोटो आहे. एचआर ८७९९ हा ताराही महाश्वातलाच. २००८ मध्ये त्याच्या ग्रहांची थेट प्रतिमा मिळाली, आधी तीन आणि पुढे चौथा. त्या फोटोत दिसतात चार ठिपके. मधला तारा झाकलेला. ते पान कंटाळवाणे आहे, ते काढून टाका, असा सल्ला मिळाला होता. मी ते ठेवण्याच्या बाजूचा आहे. मुले त्या ठिपक्यांकडे सगळ्यात जास्त वेळ पाहतात, कारण ते खरे आहेत हे त्यांना सांगितलेले असते.

वाचताना 'आहे' आणि 'असावे' यांची सरमिसळ होऊ देऊ नका, ही विनंतीही त्यातलीच. एचडी १८९७३३ बी हा ग्रह निळा आहे, हे हबल दुर्बिणीने २०१३ मध्ये मोजून काढले. तिथे आडवा काचेचा पाऊस पडत असावा, हा मात्र अंदाज. वातावरणातले वाळूसारखे कण आणि तुफानी वारे यांवरून बांधलेला. काचेचा पाऊस म्हटल्यावर मुलांचे डोळे विस्फारतात, आणि वाचणाऱ्यालाही चेव चढतो. चढू द्या, पण 'असावा' म्हणा.

असे जपून बोलायला ज्योतिर्विद शिकले ते ठेचा खाऊन. कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हे बॉम्बे इंजिनिअर्समधले अधिकारी. १८४२ मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली आणि जोडताऱ्यांचे वेध घेतले. पुढे ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. १८५५ मध्ये त्यांनी लिहिले की भुजंगधारी तारकासमूहातल्या ७० ऑफियुची या जोडताऱ्याची चाल हिशेबाशी जुळत नाही, आणि बहुधा तिथे एखादा ग्रहासारखा पिंड असावा. दुसऱ्या ताऱ्याला ग्रह असल्याचा वेधांच्या आधारे केलेला हा अगदी सुरुवातीचा दावा. तो टिकला नाही. त्या ताऱ्यांपाशी आजवर ग्रह मिळालेला नाही. निवृत्तीनंतर जेकब मोठी दुर्बीण घेऊन पुन्हा पुण्याला आले, आणि १८६२ मध्ये इथेच वारले. हा माणूस मराठी मुलांच्या पुस्तकात यायला हवा होताच. त्याचा अंदाज चुकला, पण विचारण्याची पद्धत बरोबर होती: दिसणाऱ्याची चाल बिघडली असेल तर न दिसणारे कोणी आहे का ते पाहा. गंमत म्हणजे त्याच भुजंगधारीत, आपल्यापासून सहा प्रकाशवर्षांवर असलेल्या बर्नार्डच्या ताऱ्यापाशी २०२४ आणि २०२५ मध्ये मिळून चार लहान ग्रह सापडले.

आजही असे होते. आपल्या रोहिणीला ग्रह असल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. चार वर्षांनी त्यावर शंका घेणारे संशोधन आले, कारण असले फुगीर तारे स्वतःच धापा टाकल्यासारखे हलतात. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने सिंह राशीकडच्या के२-१८ बी या ग्रहाच्या वातावरणात एका विशिष्ट वायूच्या खुणा मिळाल्याचे सांगितले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव तयार करतात. वर्तमानपत्रांनी लगेच जीवसृष्टी जाहीर करून टाकली. तीच मोजमापे इतरांनी तपासली आणि खुणा पुरेशा भक्कम नाहीत असे सांगितले. 'तिथे कोणी राहते का?' हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच रात्री येणार. उत्तर सरळ द्या: अजून कोणी सापडलेले नाही, शोध चालू आहे. मुलांना हे उत्तर अपुरे वाटत नाही. ते अपुरे वाटते मोठ्यांना.

'आपण तिथे जाऊ शकतो का?' हा दुसरा प्रश्न. सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, आपण ज्याला 'मित्र' म्हणतो त्या ताऱ्याचा सोबती, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. २०१६ मध्ये त्याचाही ग्रह सापडला. व्हॉयेजर यानाच्या वेगाने निघालो तर पोचायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. एका मुलीने यावर 'मग डबा खूप लागेल' असे म्हटले होते, आणि त्याहून चांगला निष्कर्ष मला काढता आलेला नाही.

पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग ट्रॅपिस्ट-१ ला दिला आहे आणि तो तसाच असायला हवा. कुंभ राशीत, सुमारे ४० प्रकाशवर्षांवर, गुरूपेक्षा थोडाच मोठा असा एक मंद तांबडा तारा आहे. त्याला सात ग्रह, सातही साधारण पृथ्वीएवढे. फेब्रुवारी २०१७ मध्ये बेल्जियमचे मिकाएल जियों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सगळी मंडळी जाहीर केली. आपल्या बुधाच्या कक्षेत हे अख्खे कुटुंब मावून वर जागा उरेल. आतल्याचे वर्ष दीड दिवसाचे, बाहेरच्याचे एकोणीस दिवसांचे. एका ग्रहावर उभे राहिले तर शेजारचा ग्रह कधी कधी आपल्या चंद्राहून मोठा दिसेल. ताऱ्याच्या इतके जवळ असल्यामुळे या ग्रहांची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे असावी. म्हणजे तिकडे न संपणारा दिवस आणि पलीकडे न संपणारी रात्र. इथे मुले हमखास विचारतात, मग झोपायचे कधी? शाळा कुठल्या बाजूला? सीमेवर घर बांधले तर? पुस्तकातली ही पाने मुद्दाम अर्धी रिकामी आहेत. मुलांना तिथे घर काढू द्या. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने दाखवले की सर्वांत आतल्या ग्रहावर दाट वातावरण बहुधा नाहीच, तेव्हा घर बाहेरच्या एखाद्यावर काढलेले बरे.

नावांचा मात्र खरोखर वैताग आहे. ताऱ्याच्या नावापुढे बी, सी, डी अशी अक्षरे लावत जायची, पहिला सापडलेला ग्रह 'बी', ही रीत ज्योतिर्विदांना सोयीची असली तरी वाचून दाखवताना जीभ अडखळते. काही ग्रहांना खरी नावे मिळाली आहेत. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने आपल्या शताब्दीनिमित्त देशोदेशी एकेक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवायला दिला. भारताच्या वाट्याला आला षष्ठांश समूहातला एचडी ८६०८१. ताऱ्याचे नाव ठेवले बिभा, विश्वकिरणांवर काम करणाऱ्या बिभा चौधुरी यांच्या आठवणीसाठी; मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झालेल्या त्या पहिल्या महिला संशोधक. ग्रहाचे नाव संतमस, म्हणजे झाकोळलेला. ते सुचवले होते पुण्यातल्या एका तेरा वर्षांच्या शाळकरी मुलाने. दोन दिवसांहून थोड्या जास्त वेळात बिभाभोवती फेरी मारणाऱ्या त्या ग्रहाला जगभर आता हेच नाव आहे. मुलांना हे जरूर सांगा. त्यानंतर तासभर तुमच्या घरात फक्त नावे ठेवणे चालेल, याची तयारी ठेवा.

जाता जाता एक घरगुती अडचण. 'ग्रह' हा शब्द आपल्याकडे बऱ्याच मुलांच्या कानावर आधी पडतो तो शनीची साडेसाती किंवा कोणाच्या तरी पत्रिकेतला मंगळ म्हणून, दबक्या आवाजात. त्यावर वाद घालायला हे पुस्तक नाही. पण सहा हजार ग्रह बारा घरांत कसे बसवायचे, असे एखाद्या नातीने आजोबांना विचारले तर मी तिच्या बाजूचा आहे.

पुस्तक वाचून झाले की बाहेर जायचे आहे. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत, संध्याकाळी, ढग नसताना. मृग नक्षत्र बहुतेकांना ओळखता येते. त्यातल्या राजन्यापासून काक्षीपर्यंत रेघ ओढून ती तशीच पुढे न्या. शेजारी शेजारी दोन ठळक तारे भेटतील, ते पुनर्वसू. त्यातला जो जास्त तेजस्वी आणि किंचित पिवळसर आहे, त्याला ग्रह असल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले. गुरूहून दुपटीपेक्षा जड, आणि वर्ष साधारण ५९० दिवसांचे. तो दिसणार नाही, तारा दिसेल. सुमारे ३४ वर्षांपूर्वी निघालेला त्याचा प्रकाश त्या क्षणी मुलाच्या डोळ्यांत शिरत असेल, म्हणजे बहुतेकांच्या आईबाबांच्या लहानपणीचा. शहरातल्या गच्चीवरूनही हा तारा दिसतो, दुर्बिणीची गरज नाही.

शेवटची सूचना वापराची. पुस्तकात जिथे जिथे ग्रहांची एकूण संख्या आली आहे तिथे आकडा फिकट छापला आहे आणि खाली एक रिकामी ओळ सोडली आहे. टेस ही दुर्बीण २०१८ पासून नवे ग्रह शोधते आहे. सव्वीस कॅमेऱ्यांची प्लेटो ही युरोपीय दुर्बीण २०२६ च्या अखेरीस किंवा २०२७ च्या सुरुवातीला सोडायची योजना आहे. तेव्हा आमचा आकडा पुस्तक तुमच्या हाती येईपर्यंतच जुना झालेला असेल. दर वाढदिवसाला, पृथ्वीवरच्या, नवा आकडा शोधून मुलाकडूनच तिथे लिहून घ्या. पेन्सिलीने.